अक्षरामागे बारा रुपये

तांबट गल्लीत बाकीच्यांनी स्टील मांडलं,
मी अजून पितळेवर नावं कोरते.
अक्षरामागे बारा रुपये. काना, मात्रा, वेलांटी फुकट.
जोडाक्षराला दीडपट, हे आधीच सांगून ठेवते,
मागून कुरकुर नको.

ब्रिगेडियरमध्ये एक जोडाक्षर,
कॅप्टनमध्ये एक, रेव्हरंडमध्ये एक.
महामंडलेश्वरमध्येही एकच, पण लांबी बघा,
पत्रा आडवा धरला तरी स्वामींचं नाव
खालच्या ओळीत जातं.
हवालदारात मात्र एकही नाही.
सुभेदारात नाही, पाटलात नाही, नाईकात नाही.
हाका मारून मारून
गावाने गुळगुळीत केलेले शब्द,
छिन्नी कुठे अडत नाही.

गंगापूर रोडहून सरदारांचे पणतू आले.
'श्रीमंत' हवंच, म्हणाले, आजोबांच्या पाटीवर होतं.
अक्षरं मोजून झाल्यावर हळूच विचारलं,
काही कमी होईल का?
म्हटलं, 'श्रीमंत' काढलं तर होईल.
हसले. काढलं नाही.

तपोवनातून, कुंभ सरता सरता,
एक चेला गुरूंची जुनी पाटी घेऊन आला.
श्री १०८ चं श्री १००८ करायचं.
एका शून्याचं काम, पण जागाच नव्हती.
दाबून बसवलं.
जवळून पाहिलंत तर अजून ते
पोट आत घेऊन उभं आहे.

शरणपूरचे शांतवन भालेराव म्हणाले,
'रेव्हरंड' खोडा, 'पाळक' घाला,
मेंढरं राखतो, तेवढं पुरे.
म्हटलं, पितळेवर खोडता येत नाही हो,
पण मागची बाजू कोरी आहे.
म्हणजे रेव्हरंड भिंतीकडे तोंड करून?
जरा विचार करून म्हणाले,
भिंतीला चालेल.

देवळालीचे एक मेजर, आडनाव हवालदार.
फोनवर 'मेजर हवालदार बोलतोय' म्हटलं
की पलीकडचा विचारतो, दोघांपैकी कोण?
आणि त्यांच्या बॅटरीत खराखुरा हवालदार होता,
त्याचं आडनाव राजे.
परेडवर राजे सलाम ठोकायचे, हवालदार घ्यायचे.
परवा मेजरसाहेब पाटी बदलायला आले.
कंसातलं 'नि.' बारीक काढ, म्हणाले.
सगळेच म्हणतात.
कंसाचे पैसे मी घेत नाही.

मग भगूरच्या अनसूयाबाई.
अठ्ठेचाळीस वर्षं सुभेदारीण.
नवरा तोफखान्यात, तोफांनी कान नेलेले,
त्याला ऐकू जायचं नाही
म्हणून गल्लीने हाक तिलाच मारली:
सुभेदारीणबाई, पाणी आलं.
सुभेदारीणबाई, तुमची म्हैस सुटली.
तो गेला, हुद्दा हिच्याकडे राहिला,
न मागितलेल्या पेन्शनसारखा.

पाटी नातीची करायची होती.
चेन्नईहून पास होऊन शनिवारी घरी येणार.
लेफ्टनंट, आणि पुढे ऋतुजा.
मी पेन्सिलीने आखून घेतलं.
बाई स्टुलावर बसून बघत होती,
मध्येच म्हणाली,
पाटलाची पाटलीण, सुभेदाराची सुभेदारीण,
आता हिचं लग्न झालं
की हिच्या नवऱ्याला काय म्हणायचं?

मी छिन्नी खाली ठेवली.
लेफ्टनंटराव? छे, तो सासरा वाटतो.
लेफ्टनंटचे ते?
ते तर कुणाचेही असतात.
शेजारचा गोटीराम ठोके मारायचा थांबून म्हणाला,
जावई म्हणा.
त्याला दोघींनी गप्प केलं.
बराच वेळ शोधलं.
शब्द नव्हता, तिथे कोरा पत्रा होता.

पैसे तिने रुमालाच्या गाठीतून काढले,
दोनदा मोजले.
काना फुकट ना, विचारलं.
फुकट.
मग शेवटचा 'जा' आहे ना,
त्याचा काना जरा उंच काढ,
सावधान उभा राहिलेला दिसू दे.